बॅ. अंतुले : आमदार, मुख्यमंत्री, खासदार आणि एक खटला

नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं हमखास विचारतात, "सर, आमदार आणि खासदार यांत फरक काय?" मी व्याख्या सांगत बसत नाही. मरहूम बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांची कारकीर्द फळ्यावर लिहितो.

रायगड जिल्ह्यातलं आंबेत हे त्यांचं गाव. जन्म १९२९. लंडनच्या लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. १९६२ मध्ये विधानसभेवर निवडून आले. विधानसभा राज्याचे कायदे करते. १९७६ मध्ये ते राज्यसभेवर गेले. तिथे जनता नव्हे, आमदार मत देतात. पुढे १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ मध्ये कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना थेट लोकसभेत पाठवलं.

जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. विधवा आणि निराधारांना दरमहा मदत देणारी संजय गांधी निराधार योजना त्याच वर्षीची. १९८१ मध्ये जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे झाले, कुलाबा जिल्ह्याला रायगड नाव मिळालं.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाने जोडला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मग वर्षानुवर्षं फौजदारी खटला चालला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी त्याच खटल्यात आपल्याच न्यायालयाचा १९८४ चा आदेश चुकीचा ठरवला. डिसेंबर १९९१ मध्ये घटनापीठाने सांगितलं की खटला लवकर चालणं हा आरोपीचा हक्क आहे आणि तो घटनेच्या कलम २१ मध्येच आहे. मात्र त्यासाठी ठरावीक मुदत घालून द्यायला न्यायालयाने नकार दिला.

हा हक्क फक्त मोठ्या माणसांचा नाही. तारखांवर तारखा पडत तुरुंगात बसलेल्या गरीब पोराचा वकीलसुद्धा आज 'अंतुले खटल्या'चा दाखला देऊ शकतो. अशी पोरं आपल्या मोहल्ल्यातही आहेत, म्हणून हे माहीत असायला हवं.

२००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय नव्याने सुरू झालं, तेव्हा पहिले मंत्री तेच होते. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मुलांना मी हेही सांगतो. २ डिसेंबर २०१४ ला त्यांचं निधन झालं.

त्यांना फक्त डोक्यावर घेऊ नका, फक्त नावंही ठेवू नका. दोन्ही पानं वाचा. आणि घरातलं एखादं लेकरू वकील व्हायचं म्हणत असेल, तर त्याला अडवू नका.