सातवीच्या वर्गातील दुसरीचे गणित

स्मरणिकेत शाळेच्या निकालाचे आकडे छापण्याची प्रथा आहे आणि याही अंकात ते अन्यत्र दिलेले आहेत. आम्ही गणित शिकवणारे शिक्षक मात्र येथे त्या आकड्यांत न उमटणाऱ्या गोष्टीविषयी लिहीत आहोत. आमच्याकडे सहावी, सातवी किंवा आठवीत दाखल होणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना तिसरी-चौथीचे गणित येत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना हे वाचून आपलेच दिवस आठवतील. काही पालकांना वाईट वाटेल. तरीही हे लिहिले पाहिजे, कारण कितीतरी वर्षे आम्ही हे झाकून ठेवत आलो.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येक नव्या मुलाला एकट्याला जवळ बसवतो आणि चार उदाहरणे देतो. त्यांतील एक असते ५०२ वजा १७८. पुष्कळ मुले उत्तर लिहितात ४७६. पूर्वी आम्ही त्यावर लाल फुली मारून पुढे जात असू. नंतर एकेका मुलाला 'हे कसे केलेस?' असे विचारू लागलो, तेव्हा कळले की हे उत्तर अंदाजपंचे आलेले नाही. पाचातून एक गेला चार, सातातून शून्य गेले सात, आठातून दोन गेले सहा. 'मोठ्यातून लहान वजा करायचे' हा कधीतरी पाठ केलेला नियम मूल प्रत्येक घरात इमानाने पाळत होते. ५०२ ही एकच संख्या आहे, तिच्यातील पाच म्हणजे पाचशे, हे त्याच्या मनात कधी उतरलेच नव्हते.

त्याच मुलाला आम्ही विचारले, "पाचशे दोन रुपये घेऊन बाजारात गेलास, एकशे अठ्ठ्याहत्तर खर्च झाले. किती उरले?" तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तीनशे चोवीस." कसे, तर एकशे अठ्ठ्याहत्तरला बावीस घातले की दोनशे, तेथून पाचशेपर्यंत तीनशे, वरचे दोन. म्हणजे गणित त्याच्याजवळ होते. कागदावरच्या गणिताशी त्याची ओळख कोणी करून दिली नव्हती.

हा आमचाच अनुभव आहे असे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी बिनचूक करणाऱ्या मुलांना तेवढ्याच अवघडपणाचे शालेय उदाहरण सोडवता येत नव्हते, आणि शाळेत चांगली असलेली मुले बाजारातल्या हिशेबात अडखळत होती. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेले 'असर' सर्वेक्षण दुसरी बाजू दाखवते. २०१८ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या अहवालांनुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही.

मुले मागे का राहतात, याचे एकच उत्तर नाही. आमच्याकडील काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. गाळप हंगाम सुरू झाला की कुटुंब कारखान्याच्या परिसरात कोपी घालून राहते आणि उन्हाळा लागल्यावर परतते. वर्गात भागाकार चालला होता तेव्हा हे मूल धाकट्या भावंडाला सांभाळत दुसऱ्या जिल्ह्यात होते. पुढच्या वर्षी अपूर्णांक आले, तेही असेच निसटले. भाषा, इतिहास मध्येच धरता येतात. गणितात खालची पायरी नसेल तर वरची नुसती दिसते, तिच्यावर पाय टेकत नाही.

दुसरे कारण आपल्या भाषेत आहे. 'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो आणि मग वीस, लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ५२ लिहिते. 'एकोणसाठ' ऐकून ते साठातला सहा धरते, 'एकोण' म्हणजे नऊ समजते आणि ६९ लिहून मोकळे होते. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत जोडसंख्यांच्या रूढ नावांच्या जोडीने आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली हे वाचकांना आठवत असेल. थट्टा करणाऱ्यांत आमच्यापैकीही काही होते. आज आम्ही सातवीच्या मुलांना श्रुतलेखन देताना तीच पद्धत वापरतो. आधी 'वीस पाच' म्हणून लिहून घेतो, नंतर 'पंचवीस' म्हणून वाचून घेतो. मराठी संख्यानामे टिकलीच पाहिजेत, पण त्यांच्या पायी मुलांचे गणित बुडता कामा नये.

आता आमची एक चूक. मुलांना खालचे गणित येत नाही हे लक्षात आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही सरळ दुसरी-तिसरीची पाठ्यपुस्तके मागवली आणि सातवीतल्या मुलांना वाटली. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचे जाड कव्हर होते. 'इयत्ता दुसरी' ही अक्षरे कोणाला दिसू नयेत म्हणून त्याने ते रात्री दिवे मालवायच्या आधी घातले होते. आठवडाभरात सगळ्याच पुस्तकांना कव्हरे चढली आणि दोन मुलींनी पोटदुखीचे कारण सांगून तासिकेला येणे बंद केले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आंबे आणि फुगे मोजायला लावणे हा त्याचा अपमान आहे, हे आम्हाला त्या कव्हरांनी शिकवले. गणित दुसरीचे असले तरी मूल दुसरीतले नसते.

मग आम्ही वसतिगृहाकडे वळलो. भोजनगृहात २४० मुले जेवतात. एका मुलाला ९० ग्रॅम तांदूळ धरला तर भांडारातून किती काढायचा? हा गुणाकार २१,६०० वर येतो आणि एवढे ग्रॅम म्हणजे किती किलो, हे ठरवताना स्थानिक किंमत आपोआप समोर उभी राहते. दशक सुटा करणे आम्ही काड्यांच्या जुड्यांऐवजी नोटांवर शिकवतो. शंभराच्या पाच नोटा आणि दोन रुपयांचे एक नाणे हातात असताना १७८ द्यायचे असतील, तर शंभराची एक नोट मोडावीच लागते. तिच्या दहाच्या दहा नोटा होतात, त्यांतली एक पुन्हा मोडून दहा रुपये सुटे होतात. आता हाती शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि सुटे बारा. बारातून आठ, नवातून सात, चारातून एक. मूल तेच कागदावर मांडते आणि ३२४ पाहून स्वतःच म्हणते, "मघाचंच उत्तर आलं."

भागाकारात शून्य हरवते. ६१८ ला सहाने भागून मुले १३ लिहितात. सहा एके सहा, एकाला भाग जात नाही म्हणून पुढचा आठ घेतला, सहा त्रिक अठरा. आम्ही रीत लगेच दुरुस्त करत नाही. ६१८ पोळ्या सहा पंगतींना सारख्या वाढायच्या, तर एका पंगतीला अंदाजे किती, एवढे आधी विचारतो. शंभराच्या वर काहीतरी, हे सगळ्यांना कळते. तेरा पोळ्यांत पंगत उठणार नाही. मग ते शून्य कोठे गळले याचा शोध मुले स्वतः घेतात. आधी अंदाज आणि मग रीत, हा क्रम आम्ही आता मोडत नाही.

अपूर्णांकांत मराठी भाषा वैऱ्याची न राहता सखी होते. १/४ अधिक १/२ बरोबर २/६ असे लिहिणाऱ्या मुलीला आम्ही म्हटले, "पाव आणि अर्धा मिळून किती?" ती हसली. "पाऊण की, सर." २/६ म्हणजे एक तृतीयांश, अर्ध्याहूनही कमी. अर्ध्यात पाव घातल्यावर ते कमी कसे होईल, हा प्रश्न तिनेच विचारला. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आजीच्या तोंडी असतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे तर जुन्या पिढीच्या शाळेत म्हणूनच घेत. ते सगळे पुन्हा पाठ करून घ्यावेत असे आमचे म्हणणे नाही. पण छेद समान करण्याची रीत शिकवण्यापूर्वी या शब्दांची आठवण दिली, तर अर्धे काम झालेले असते.

हे सारे रोज संध्याकाळी सात ते सात चाळीस या वेळेत चालते. त्या वेळी सहावी, सातवी, आठवी असे वर्ग नसतात, कोणाला काय येते त्यावरून गट असतात आणि ते दर महिन्याला बदलतात. दिवसाची नियमित तासिका आपल्या जागी राहते. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील तरुण मुली रोज वेगळे बसवून शिकवत, त्या 'बालसखी' उपक्रमाचा मुलांना फायदा झाल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. निवासी शाळेला संध्याकाळची वेळ फुकट मिळते. आम्ही ती कैक वर्षे नुसत्या गृहपाठात घालवली.

"आठवीच्या पोराला पाढे कसले?" असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेबाची मागणी केली होती. आणि याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे केले, १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले. आपल्या आजोबा-पणजोबांना जे नाकारले होते ते हेच साधे हिशेब होते. नातवाने ते आठवीत शिकले तर त्यात कमीपणा कसला?

सगळ्यांना जमते असे नाही. आठवीतली काही मुले वर्षअखेरीसही भागाकारात चुकतात, आणि संध्याकाळच्या गटात बसण्याची लाज काहींची शेवटपर्यंत जात नाही. एक विनंती मात्र करावीशी वाटते. माजी विद्यार्थ्यांनी रविवारी एखादा तास यावे आणि आपल्या धंद्यातला हिशेब मुलांपुढे मांडावा. दूध संकलन केंद्रावरची पावती, शिंप्याचे माप, गुंठ्यांचे एकर, काहीही चालेल.

आमचे एक माजी विद्यार्थी गवंडीकाम करतात. ते गेल्या वर्षी असेच आले होते. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, एवढे त्यांनी फळ्यावर लिहिले आणि मुलांना टेप देऊन आवारात पाठवले. तेथे पाण्याच्या टाकीच्या कामासाठी आलेल्या खडीची ट्रॉली उभी होती. लांबी दहा फूट, रुंदी पाच फूट, खडीची उंची दीड फूट. सातवीच्या गटाने वहीत गुणाकार मांडला, पन्नास आणि पंचवीस मिळून पंच्याहत्तर. "पाऊण ब्रास," वर्तमानपत्राचे कव्हर घालणारा तोच मुलगा म्हणाला. चालकाच्या हातातल्या पावतीवर एक ब्रास लिहिलेले होते. मुले वही घेऊन अधीक्षकांच्या खोलीकडे गेली आणि ती पावती त्या दिवशी बदलून घेण्यात आली.