वेसण आणि सिंगापूरचे गोठे

बैलाच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातून ओवलेली दोरी म्हणजे वेसण. वळूच्या नाकात याच जागी बहुधा धातूची कडी घालतात. चारपाचशे किलोच्या जनावराला माणूस ताकदीने आवरू शकत नाही. नाकाच्या या भागात मात्र संवेदना इतकी तीव्र असते की हलका ताणही त्याला लगेच कळतो आणि ते तिकडे मान वळवते.

टोचण्याची जागा नेमकी साधावी लागते. कूर्चेच्या पुढे पडद्याचा मऊ, पातळ भाग बोटांना लागतो. भोक तिथेच पाडायचे. कूर्चेतून सुई गेली तर वेदना जास्त होतात आणि जखम रेंगाळते. अगदी काठाशी टोचले तर ओढीने मांस फाटते. जखम भरेपर्यंत दोरीवर ताण देत नाहीत. पुढे वेसणीची टोके कानांमागून नेऊन बांधतात आणि तिला कासरा जोडतात. शिकलेल्या बैलाला कासऱ्याचा नुसता इशारा पुरतो. ऊठसूट हिसके देणाऱ्या गाडीवानाच्या बैलाचे नाक सोलवटते, हा दोष वेसणीचा नव्हे. वळूची कडी तांब्याची, पितळेची किंवा पोलादाची असते. तिला लांब दांडा अडकवला की माणसाला चालता चालता वळूपासून अंतर राखता येते. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने विहित पद्धतीने वेसण घालणे गुन्ह्यातून वगळले आहे.

आज काचेच्या उंच इमारतींनी भरलेले सिंगापूर एकेकाळी बैलांवर चालत होते. आन सियांग टेकडीवरच्या विहिरीचे पाणी बैलगाड्यांतून वस्तीत पोहोचे. चायनाटाउनच्या ‘क्रेता आयर’ या मलय नावाचा अर्थच पाण्याची गाडी. जनावरांचा खरा बाजार मात्र सेरंगून रस्त्याच्या परिसरात होता. तिथे रोचोर नदीचे पाणी होते, चाराही होता. एकोणिसाव्या शतकात तिथे भारतीयांचे गोठे उभे राहिले. बैल गाड्या ओढत, शिवाय गहू दळायला आणि तिळाचे घाणे फिरवायलाही लागत. कलकत्त्याहून आलेला बेलिलियोस हा तिथला मोठा गुरांचा व्यापारी. त्याच्या नावाचा रस्ता अजून आहे. या भागातल्या तमिळ माणसांच्या भाषेत वेसणीला ‘मूक्कणांगयिरु’ म्हणतात, म्हणजे नाकाची दोरी.

मलय माणसाच्या दाराशी बैलापेक्षा रेडा जास्त ओळखीचा. दुसऱ्याच्या मागे निमूट जाणाऱ्याला मलय भाषेत ‘नाक टोचलेला रेडा’ म्हणतात. मराठीत वेसण घालतात ती मात्र मोकाट सुटलेल्याला, खर्चालाही. एकाच दोरीकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा आहेत.

मोटारी आल्या, नगरपालिकेचे स्वच्छतेचे नियम कडक झाले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेरंगूनचे गोठे हटले. बफेलो रोड आणि करबाव रोड ही नावे उरली. ‘कांडांग करबाव’, म्हणजे म्हशींचा गोठा, हे नाव प्रसूतिगृहाला मिळाले. 1966 मध्ये त्याच रुग्णालयात 39,835 बाळे जन्मली आणि त्याचा जागतिक विक्रम झाला. आता लिटिल इंडिया म्हणतात त्या याच भागात पोंगलच्या दिवसांत, जानेवारीत, गायी आणून बांधतात, तेव्हा शहरातल्या मुलांना गुरे जवळून दिसतात.