डोक्याला मार लागला तर...

समजा, शिंदखेड्याच्या मैदानावर मोठ्यांचा कबड्डीचा सामना रंगला आहे. पकड करताना दोन गड्यांची डोकी एकमेकांवर आपटतात. एक गडी खाली पडतो, माती झटकतो आणि म्हणतो, "काही झाले नाही, खेळू द्या!" लोक टाळ्या वाजवतात. पण ही खरी बहादुरी आहे का?

आपला मेंदू कवटीच्या आत असतो. जोराचा धक्का बसला की तो आत हलतो. रक्त येत नाही, शुद्धही जात नाही. तरी मेंदूला इजा झालेली असू शकते. डोकेदुखी, चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे आहेत.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याच्या एका सामन्यात भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाजवळ उभे होते. चेंडू डोक्याला लागला. ते स्वतः चालत मैदानाबाहेर गेले. पण तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

म्हणून असा मार लागलेल्या गड्याला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका. त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. कबड्डीत ७ गडी खेळतात आणि ५ राखीव असतात. मग हट्ट कशाला? शिर सलामत तर पगडी पचास!