बिल्ल्याची मागची बाजू

माझ्या संग्रहातला सगळ्यात जुना बिल्ला अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा आहे. गोल पत्रा, त्यावर मानेवर जू असलेली बैलजोडी आणि खाली ‘मतें द्या’. त्यातल्या ‘तें’वरचा अनुस्वार गंजानं अर्धा खाल्लाय. वर्ष कुठंच छापलेलं नाही. तरी तो साधारण कधीचा हे सांगता येतं, आणि ते कसं सांगायचं हे शिकण्यात माझी तीसेक वर्षं आनंदात गेली.

छातीवर टोचायच्या अशा बिल्ल्याचं मूळ अमेरिकेत आहे. न्यू जर्सीतल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीनं 1896 साली सेल्युलॉइडचा पापुद्रा चढवलेल्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन या अध्यक्षीय निवडणुकीत असे बिल्ले भरमसाट वाटले गेले. पुढं 1910 च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंचे बिल्ले आले आणि पोरं ते जमवू लागली. तिथले जाणकार बिल्ला हातात आला की आधी उलटा करतात, कारण मागच्या कागदावर कंपनीचं नाव आणि पेटंटची तारीख असते. आपल्याकडच्या बिल्ल्याच्या मागं बहुतेक वेळा कोरा पत्रा आणि वाकलेली पिन एवढंच असतं. म्हणून इथं वाचायची ती निशाणी.

तिथं बेसबॉल, तसं आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलचं वेड. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावं पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. पण आमच्या पिढीच्या हातात बिल्ला आला तो खेळामुळं नाही, निवडणुकीमुळं. बिंदू चौकात सभा असली की भोंगा लावलेली जीप गल्लीतून फिरायची आणि आम्ही ‘बिल्ला, बिल्ला’ करत तिच्यामागं धावायचो. पक्षाशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. सदऱ्यावर एका ओळीत पाच निशाण्या लागल्या की तो पोरगा गल्लीत मोठा.

निशाणीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत आहे. 1952 आणि 1957 साली प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे आणि तिच्यावर त्याची निशाणी डकवलेली असे. अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी चित्र हाच उमेदवार होता. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत आली 1962 साली. त्याच वर्षी मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि ‘मतें’, ‘कांहीं’ यांवरचे जुने अनुस्वार गेले. छापणाऱ्यांचा हात लगेच वळला नसेल, पण असा अनुस्वार दिसला की बिल्ला साठच्या दशकापलीकडं जायची शक्यता कमी. माझी बैलजोडी म्हणून पहिल्या तीन निवडणुकांतली असावी, असं मी मानतो.

पुढचं वाचन सोपं होत जातं. 1969 साली काँग्रेस फुटली, तिची बैलजोडी गोठवली गेली आणि 1971 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पक्ष गाय-वासरू घेऊन उतरला. काँग्रेसचा हात 1978 चा. नांगरधारी शेतकरी दिसला की 1977 ची जनता लाट आठवावी. त्या वर्षी कोल्हापूरनं शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) दाजिबा देसाई लोकसभेवर पाठवले. जनसंघाची पणती 1977 ला विझली आणि 1980 साली भाजपचं कमळ आलं. 1985 ला शेकापचेच प्रा. एन. डी. पाटील शहरातून विधानसभेवर गेले. त्या काळातला शेकापचा खटारा माझ्याकडं दोन प्रकारचा आहे, एक पत्र्याचा, एक प्लॅस्टिकचा. पत्र्याकडून प्लॅस्टिककडं झालेला प्रवास त्या दोघांना शेजारी ठेवलं की दिसतो.

नव्वदच्या दशकात शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले, प्रचाराच्या खर्चाचा हिशेब कडक झाला आणि बिल्ले आटले. मग फ्लेक्स आले, त्यानंतर मोबाईल. 2022 पासून मशाल, ढाल-तलवार, तुतारी वाजवणारा माणूस अशा नव्या निशाण्या आल्या. त्या टिपायच्या तर आजच. पन्नास वर्षांनी कुणीतरी याच खुणांवरून आपला काळ ओळखणार आहे.

जपायचं कसं, हेही सांगतो. कोल्हापूरचा पाऊस पत्र्याचा वैरी. बिल्ला चिंचेनं किंवा पॉलिशनं घासू नये, गंजाबरोबर रंगही निघतो. कोरड्या सुती कापडानं पुसून कागदी पाकिटात ठेवावा आणि पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात. घेताना गंज कुठं आहे ते बघावं. खरा गंज दुमडलेल्या कडेत आणि पिनेच्या मुळाशी आधी धरतो, फक्त दर्शनी भागावर पसरलेला गंज संशयास्पद.

पण एका बिल्ल्यापुढं ही सगळी विद्या थांबली. गंगावेशीत एका आजींनी शिलाई मशीनच्या खणातून, बटणांच्या डबीतून, एक सायकल काढून दिली. अपक्षांच्या निशाण्या दर निवडणुकीला नव्यानं वाटल्या जातात, त्यामुळं सायकलीवरून ना माणूस कळतो ना वर्ष. आजी म्हणाल्या, “आमच्या मालकांची. नगरपालिकेला उभं होतं. पडलं. पर गल्लीनं एक रुपाया न घेता प्रचार केला.”

निवडून आलेल्याचं नाव दप्तरात राहतं. पडलेल्याची एवढीच खूण उरते, आणि तीही कुणी सांगितलं तरच बोलते. त्या दिवसापासून मी प्रत्येक पाकिटावर लिहून ठेवतो: कुणाच्या घरातला, कोणत्या पेठेतला, देताना ते काय म्हणाले. अमेरिकेतल्या बिल्ल्याच्या मागं कारखान्यानं कागद लावून दिला. आपल्या बिल्ल्यांच्या मागचा कागद आपणच लिहायचा आहे, सांगणारी माणसं आहेत तोवर.