गुंठ्याला एक टँकर

25 मे 2025 च्या पावसाची बारामती तालुक्यातली नोंद 104.75 मिलिमीटर आहे. शेजारच्या दौंडला 117, इंदापूरला 63.25. मिलिमीटरमध्ये सांगितलं की पाऊस किरकोळ वाटतो. शंभर मिलिमीटर म्हणजे अर्धी वीतसुद्धा नाही. तोच आकडा रानात मांडून बघा. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. तेवढ्यावर त्या पावसाचं पाणी भरतं साधारण 10,600 लिटर. गुंठ्याला दहा हजार लिटरचा एक भरलेला टँकर. एकरी 42 टँकर. ज्याचं चार एकर रान आहे, त्याच्या बांधाच्या आत 170 टँकर रिते झाले.

टँकर म्हणजे किती पाणी, हे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा सोडला, तर बारामतीचा जिरायती भाग आणि इंदापूरची कालव्याच्या शेपटाकडची गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आली आहेत. टंचाईच्या काळात सरकारी टँकरचा हिशोब माणशी रोज 20 लिटरचा. पाच माणसांच्या घराला शंभर लिटर. त्या मापानं एका गुंठ्यावरचं पाणी एका घराला साडेतीन महिने पुरलं असतं, आणि एका एकरावरचं साडेअकरा वर्षं. पण ते पुरत नाही, कारण ते थांबत नाही. ओढ्याला लागतं, ओढ्यातून नीरेला नाहीतर कऱ्हेला, आणि वाटेत कुणाचं तरी घर घेऊन जातं. त्या दिवशी पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि पावसाच्या पाण्यात कालव्याचं पाणी मिसळलं.

हा कालवा मुळात दुष्काळानंतरचा आहे. 1876-77 ला दख्खनमध्ये लोक अन्नावाचून मरत होते. तेव्हा दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य सरकारनं दिवसाला एक पौंडावर आणलं, म्हणजे 450 ग्रॅमवर. वर रोख एक आणा. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. दिवसभर दगड-माती उचलणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम धान्य! या आकड्यावर आजही संताप यायला हवा. पुढच्या दशकात नीरेचं पाणी कालव्यातून या माळावर आलं.

पण या भागातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर ‘दुष्काळ’ म्हटलं की त्यांना एकच आठवतो, बहात्तरचा. लागोपाठ पाऊस हुकलेला. त्या वेळी विहिरींना थोडंफार पाणी होतं, पण घरात दाणा नव्हता, असं ते सांगतात. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना कडेनं चिरायची. आणि कामावर पोरांच्या ओंजळीत सुकडी.

मे 1973 मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या 1971 च्या जनगणनेत पाच कोटी चार लाख. दहातलं एक माणूस, तान्ही लेकरं आणि मुंबईची चाळकरी माणसंसुद्धा धरून. मुकादमानं ही हजेरी घ्यायची म्हटली आणि एका नावाला तीन सेकंद लागले, तर न झोपता, न जेवता 173 दिवस नावं पुकारावी लागतील. एक मेला सुरुवात केली तर शेवटचं नाव दसरा-दिवाळीच्या सुमारास येईल.

प्रत्येकानं दुपारी दोनच भाकऱ्या बांधून आणल्या असं समजू. एक कोटी भाकऱ्या. भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलं तर दहा हजार क्विंटल. दहा टनांचे शंभर ट्रक. हे एका दुपारचं. संध्याकाळ वेगळी, घरी बसलेली म्हातारी-कोतारी वेगळी. आणि हे पीठ बायकांनी पहाटे उठून मळलेलं, थापलेलं, भाजलेलं, कारण उन्हं वर यायच्या आत कामावर पोचायचं असायचं.

काम काय, तर खडी फोडणं, नालाबंडिंग, रस्ते, पाझर तलाव. माप ब्रासचं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट: दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच ढीग. काळ्या दगडाच्या खडीचा असा ढीग चार टनांच्या वर जातो. एक खडा शंभर ग्रॅमचा धरला तर एका ढिगात चाळीस हजारांवर खडे. त्यातला प्रत्येक खडा कुणीतरी डाव्या हातानं दगड धरून, उजव्या हातानं हातोडी मारून पाडलेला. कपच्या डोळ्यांत उडायच्या, बोटं चेचायची, चेचलेल्या बोटाला चिंधी बांधून पुढचा दगड. रस्त्याकडेला असे ढीग लागलेले असायचे, ओळीनं, नजर पोचेल तिथवर.

मातीचं काम वेगळं मोजावं लागतं. पाटीत साडेबारा लिटर माती मावते असं धरलं तर एका ब्राससाठी सव्वादोनशे खेपा. खाणीपासून भरावापर्यंत पन्नास मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन साडेबावीस किलोमीटर चाल, त्यातली निम्मी डोक्यावर ओझं घेऊन. बारामतीहून चालत निघालं तर भिगवण टप्प्यात यावं एवढी. त्यातून एका तलावाच्या भिंतीला एक ब्रास माती मिळाली. तलावाला असे हजारो ब्रास लागतात. बारामतीच्या जिरायती भागातले जुने पाझर तलाव बघताना मला पाण्याच्या आधी या खेपाच दिसतात. गावच्या नकाशावर तो एक निळा ठिपका असतो, एवढंच.

दुष्काळी कामांच्या त्या हजेरीपटातून पुढे मोठी गोष्ट निघाली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळाच्या कसोटीला उतरली, 1977 ला तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशानं तसा कायदा केला. सरकारनं संकटात माणसाचा दिवस मोजायचा आणि त्याचे पैसे द्यायचे, हा नियम इथल्या खडीच्या ढिगांवर पक्का झाला.

मे 2025 नंतर मात्र मोजमाप दुसरंच. पहिल्या सरकारी माहितीत आलं: बारामतीत 25 घरांची अंशतः पडझड, पुरात अडकलेल्या सात जणांची सुटका, 70 ते 80 कुटुंबं सुरक्षित जागी हलवली. बारामती आणि इंदापूरला एनडीआरएफची पथकं धावली. ती वेळेवर आली हे फार बरं झालं. पण पथकं परत गेल्यावर जे उरतं, त्याला अजून माप नाही.

दहा बाय बाराची एक खोली घ्या. पाणी ओसरल्यावर तीन इंच गाळ राहिला, तर तो तीस घनफूट. दीड टनाच्या आसपास ओला चिखल. त्याच साडेबारा लिटरच्या पाटीनं 68 खेपा. दोन खोल्या असतील तर 136. मग धुणं. भिजलेल्या कणगीतले दाणे उन्हात घालणं, त्यातले कोंब आलेले जनावरांपुढे टाकणं, पोरांच्या वह्या, पासबुक, आधार कार्ड दोरीवर टांगणं. तलाठी येईपर्यंत पडकी भिंत तशीच ठेवायची, नाहीतर पंचनाम्यात दिसणार नाही. रानात वाफसा येईपर्यंत मजुरी नाही. ऐंशी कुटुंबं, घरटी दोन कमावती माणसं, दहाच दिवस बुडाले असं धरलं तरी सोळाशे रोज. चारशे रुपयांच्या हिशोबानं सहा लाख चाळीस हजार रुपये, आणि तेही ज्यांच्याकडे उद्याच्या किराण्याची सोय नसते त्यांच्या खिशातून.

घरातल्या कपड्या-भांड्यांच्या मदतीसाठी निकषांत पाणी दोन दिवसांहून जास्त साचल्याची अट असते. राज्य सरकार ती कधी शिथिल करतं, कधी नाही. ओढ्याचं पाणी तर रात्रीत येतं आणि सकाळी उतरतं. गाळ मात्र दोन तासांच्या पाण्यानंही बसतो. पंचनाम्यात भिंत मोजली जाते, पत्रे मोजले जातात, 68 पाट्या मोजल्या जात नाहीत.

त्या मोजता येतात. ब्रासचं माप आपल्याकडे आहे, हजेरीचं मस्टर आहे, गाव पातळीवर हजेरी घेणारी माणसं आहेत. पाणी ओसरलं त्याच सकाळी ग्रामपंचायतीनं गाळाच्या कामाचं मस्टर उघडावं, आणि स्वतःच्या घरातला गाळ काढणाऱ्या बाईचं नावही त्यात पहिल्या दिवसापासून चढावं.