सपरीतला कॅमशाफ्ट

गोंदियाला मला पाठवलं होतं ते राइस मिलांवर लिहायला. मिलमधली जुनी डिझेल इंजिनं कोण सांभाळतं म्हणून विचारत फिरलो, तर जो तो एकाच मिस्त्रींचं नाव सांगे. मिस्त्री मात्र त्या दिवसांत मिलवर नव्हतेच. आमगाव रस्त्याला एका निवृत्त शिक्षकांच्या घराच्या सपरीत ते अ‍ॅम्बेसेडर उघडून बसले होते. मी तिकडे गेलो आणि मिलांचा लेख मागे पडला.

गाडी मार्क फोर, पेट्रोलवर चालणारी, सरकारी लिलावातून घेतलेली. अ‍ॅम्बेसेडरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सने 1958 च्या सुमारास इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ती बनवायला घेतली आणि मे 2014 मध्ये उत्पादन थांबवलं. माझं लक्ष गाडीपेक्षा तिच्या इंजिनाकडे होतं. 1489 सीसीचं हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं. एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्ये सुरुवातीला हेच इंजिन थोडी जास्त ताकद काढून बसवलेलं होतं. आपल्याकडे त्यानं तहसीलदार, डॉक्टर, आमदार आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली.

या इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नसतो, खाली ब्लॉकमध्ये असतो. हातभर लांबीचा लोखंडी दांडा, त्यावर आठ लोब, म्हणजे उंचवटे. लोब टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक. गाडी तीन हजार आरपीएमवर पळत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. एवढा मार खाऊन लोबचं टोक मिलिमीटरभर झिजलं, तरी गाडी बदलते.

सरांची गाडी अशीच बदलली होती. चढावर दम टाकायची, कार्ब्युरेटरमधून फटाफट आवाज यायचा. कुणी कार्ब्युरेटर साफ केला, कुणी पॉइंट आणि प्लग बदलले, कुणी टॅपेट कसले. दोन दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह कव्हर काढलं, प्रत्येक रॉकरवर डायल गेज टेकवला आणि हँडलनं इंजिन हळूहळू फिरवलं. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उचल बाकीच्यांच्या निम्मीही भरेना. जळका वायू बाहेर जायला वाट नाही, म्हणून इनटेक उघडला की तोच उलटा कार्ब्युरेटरकडे धावतो. तोच फटाफट आवाज. ‘‘टॅपेट टाइट केल्यानं आवाज जाते जी, बिमारी नाही जात,’’ एवढंच ते बोलले. कान आणि एक साधा गेज यांच्या जोरावर काढलेलं हे निदान मला फार आवडलं.

मग उतरवाउतरव. रेडिएटर काढायचा, पुढची जाळी काढायची, कारण कॅमशाफ्ट पुढूनच बाहेर ओढावा लागतो आणि त्याला त्याच्या लांबीएवढी मोकळी जागा हवी. रॉकर शाफ्ट काढताना नवखा माणूस हमखास फसतो. त्याच्या खांबांचे काही नट हेडलाही धरून असतात. तेवढेच सोडले तर हेड एका बाजूनं ताणलं जातं, गॅसकेट सुटतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून आधी पाणी काढायचं आणि हेडचे सगळेच नट क्रमानं थोडे थोडे सैल करायचे. मिस्त्रींनी तसंच केलं, एकेक नट अर्धा वळसा, आणि प्रत्येक वेळी मागच्या नटाकडे परत येऊन.

मॅनिफोल्ड उतरवलं की त्याखाली पत्र्याची दोन झाकणं दिसतात. ती काढून त्या खिडकीतून बोटांनी टॅपेट एकेक करून बाहेर घ्यायचे. आठही टॅपेट ज्याच्या त्याच्या नंबरानं लाकडी फळीवर मांडलेले होते. झिजलेल्या लोबवरच्या टॅपेटचा तळ नखानं खरवडला तरी खड्डे लागत होते. नवा कॅमशाफ्ट जुन्या टॅपेटवर चालवायचा नाही, हा इथला पहिला नियम. टॅपेटचा तळ दिसायला सपाट असला तरी किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित तिरका. त्यामुळे प्रत्येक धक्क्याला टॅपेट स्वतःभोवती थोडा वळतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. तो वळायचा थांबला की एकाच जागी घासून लोब संपवतो.

आणि मग ती गोष्ट, जिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. कॅमशाफ्टवर तिरक्या दातांचं एक चाक असतं, त्यातून डिस्ट्रिब्युटर फिरतो. तो फिरवणारा आखूड दांडा ब्लॉकच्या पोटात बसलेला. डिस्ट्रिब्युटर काढला तरी तो आत राहतो, पकडायला कुठेच जागा नाही. इंग्रज अभियंत्यांनी त्याच्या डोक्यात आटे पाडून ठेवले आहेत. टॅपेटच्या झाकणाचाच बोल्ट त्यात आवळायचा आणि वर ओढायचं, की दांडा तिरक्या दातांवरून गिरकी घेत वर येतो. वेगळं हत्यार विकत घ्यायला नको. इंजिन स्वतःच ते पुरवतं. परत बसवताना मात्र परीक्षा असते. पहिला पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणायचा आणि दांड्याची खाच मुद्दाम चुकीच्या कोनात धरून खाली सोडायची, कारण दात गुंतताना दांडा आपणहून वळतो आणि मगच खाच हव्या त्या कोनात येऊन थांबते. एक दात चुकला की टायमिंग गेलं. मिस्त्रींनी तो पहिल्यांदा सोडला, वाकून पाहिलं, पुन्हा वर ओढला, दुसऱ्यांदा सोडला. मग हात पुसले.

पुढचं झाकण, टायमिंग चेन आणि दोन चाकांवरचे समोरासमोर येणारे ठिपके हे काम त्या मानानं सरळ. ऑइल पंपही कॅमशाफ्टवरूनच फिरतो, म्हणून खालचं चेंबर उतरवून पंप आणि त्याचा दांडा आधी काढावा लागतो. त्यासाठी गाडी चांगली उंच आणि पक्क्या टेकूंवर हवी. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये. शेवटी पुढच्या प्लेटचे तीन स्क्रू सुटतात आणि शाफ्ट बाहेर. तो तिरका होऊ न देता सावकाश ओढायचा, नाहीतर लोबच्या कडा आतल्या मऊ बेअरिंगांना ओरबाडतात.

खरी अडचण शाफ्ट बाहेर आल्यावर सुरू झाली.

नवा कॅमशाफ्ट आणायचा कुठून? गोंदिया मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, आणि कोलकात्याच्या मल्लिक बाजारात अ‍ॅम्बेसेडरचे सुटे भाग अजून मिळतात. पण वेष्टनावर छापलेल्या नावावरून आतल्या लोखंडाची कठीणता कळत नाही. लोबचा वरचा थर कडक केलेला नसेल, तर दिसायला सुंदर शाफ्ट काही हजार किलोमीटरांत गुळगुळीत होतो. मिस्त्री लोबच्या न लागणाऱ्या बगलेवर जुनी कानस फिरवून पाहतात. कानस घसरली तर ठीक, चावली तर परत. पहिला शाफ्ट परत गेला. जुनाच शाफ्ट ग्राइंड करून घ्यायचा, तर त्यासाठी नागपूर गाठा, आणि तिथंही खोलवर झिजलेल्या लोबला घासून कडक थर उरत नाही. ब्लॉकमधली तीन बेअरिंगं ढिली असती, तर ब्लॉकच खोलून नेण्याची वेळ आली असती. सुदैवानं ती चांगली निघाली. शाफ्टच्या पुढेमागे हलण्याची जागा 3 ते 7 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असावी लागते. ती फिलर गेजनं मोजूनच प्लेट आवळली.

मग ऑइल. या इंजिनात लोब आणि टॅपेट एकमेकांवर घासतात, मध्ये रोलर नाही. त्यांना वाचवतं ते ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. पण फॉस्फरसनं नव्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतात, म्हणून आजच्या पातळ पेट्रोल ऑइलांत त्याला मर्यादा घातलेली आहे. पंपावरचं महागातलं सिंथेटिक घातलं म्हणजे जुन्या इंजिनाची सेवा झाली, असं समजणारे लोक नकळत त्याचं नुकसान करतात. मिस्त्री जुन्या धाटणीचं जाड ऑइल सुचवतात आणि लोबवर मॉलिब्डेनमची काळी पेस्ट बोटानं चोपडतात.

इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा बहुतेकांचे कॅमशाफ्ट मरतात. हौसेनं लोक ते मंद आवाजात चालवून ऐकत बसतात. मंद वेगात लोबवर ऑइल नीट उडत नाही आणि स्प्रिंगचा भार मात्र पूर्ण असतो. म्हणून सुरू होताच दोन हजार आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं, वेग थोडा वरखाली करत, आयडलवर न आणता. सरांच्या सपरीत ती वीस मिनिटं रेडिएटरकडे, ऑइलच्या दिव्याकडे आणि झाकणाच्या कॉर्क गॅसकेटकडे सगळे डोळे लावून उभे होते. गॅसकेटनं थोडं ऑइल सोडलंच. या इंजिनाची ती जुनी खोड. मग इंजिन गरम असतानाच टॅपेट लावायचे, रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये 15 थाऊ म्हणजे 0.38 मिलिमीटर फट ठेवून. कोणता केव्हा लावायचा हे लक्षात ठेवायला नऊची बेरीज पुरते: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला लावा, सहावा उघडला की तिसरा, पाचवा उघडला की चौथा. सरांनी हे शाळेच्या फळ्यावर असल्यासारखं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

मला काळजी वाटते ती पुढची. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या भंगारात जातात, त्यामुळे लिलावात या गाड्या येणंच थांबलं. खासगी जुन्या कारच्या नोंदणीचं नूतनीकरण 2022 मध्ये पाच हजार रुपये झालं होतं. गाड्या कमी झाल्या की सुटे भाग कमी, भाग कमी झाले की काम कमी, आणि काम नसेल तर शिकायला कोण बसणार? मिस्त्रींच्या हाताखालची दोन मुलं आता मोटरसायकलच्या शोरूममध्ये लागली आहेत. चांगला पगार आहे, तक्रार कशाची करायची. पण खाच चुकीच्या कोनात धरून बरोबर बसवणं त्यांनी अजून स्वतः एकदाही केलेलं नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल बदलायचं, हेडचे नट पुन्हा कसायचे, टॅपेट पुन्हा तपासायचे. तेव्हा त्या दोघांना सुटी काढून यायला सांगितलं आहे, असं सर म्हणाले. कोलकात्याहून टॅपेटचा आणखी एक पूर्ण संच त्यांनी आताच मागवून ठेवला आहे.