घरच्या घरी स्पॅनिश : मराठीची शिदोरी पुरेशी आहे

परदेशी भाषा म्हणजे बड्या क्लासची फी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांची मिरासदारी, अशी समजूत आपल्या वस्त्यांमधून अजूनही आहे. दहावी-बारावीतली हुशार मुलेसुद्धा ‘आमचे इंग्रजीच कच्चे, मग आणखी एक भाषा कुठून येणार?’ असे म्हणून थांबतात. आज भाषा शिकवणारे सॉफ्टवेअर साध्या मोबाईलवर फुकट मिळते. त्यामुळे फीची अडचण बरीच कमी झाली आहे. भीती मात्र तशीच आहे. स्पॅनिशपुरते बोलायचे तर या भीतीला फारसा आधार नाही. ज्याला मराठी नीट येते त्याला स्पॅनिशमधल्या कितीतरी गोष्टी इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा लवकर उमगतात. ते कसे, आणि घरी अभ्यास कसा करावा, हे आपण पाहू.

बाबासाहेबांचा भाषाभ्यास

शाळेत असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत आत्मसात केली, जर्मन व फ्रेंच या भाषांचाही अभ्यास केला आणि उत्तरायुष्यात पालीवर अपार कष्ट घेतले. त्यांचे पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्या खंडातील एका कोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि हिंदीतही दिले आहेत. नवी भाषा शिकताना आपली भाषा बाजूला ठेवायची नसते, ती हाताशी घ्यायची असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

स्पॅनिशच का?

स्पेन, मेक्सिको, पेरू, चिली, अर्जेंटिना, क्युबा अशा वीस देशांची ही राजभाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे. सुमारे पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लॅटिन अमेरिकेत ही भाषा जेत्यांबरोबर आली, तरी पुढे तेथील पिचलेल्या लोकांनी तिचाच आधार घेऊन आपले गाऱ्हाणे जगापुढे मांडले. ग्वातेमाला देशातील माया आदिवासी समाजाच्या रिगोबेर्ता मेंचू यांची मातृभाषा किचे. आपल्या लोकांवरील अत्याचारांची कहाणी त्यांनी स्पॅनिशमधून सांगितली आणि ती जगभर गेली. १९९२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. जातीच्या अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या समाजातील मुलांनी अशा लोकांचे लिखाण मुळातून वाचावे, हे स्पॅनिश शिकण्याचे एक चांगले कारण आहे.

सॉफ्टवेअर शिकवते कसे?

अशा सॉफ्टवेअरच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत. पहिली चित्रांची. १९९२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सुरू झालेल्या कंपनीच्या ‘रोझेटा स्टोन’ने ती लोकप्रिय केली. पडद्यावर चित्र दिसते, आवाज ऐकू येतो, आणि योग्य चित्रावर बोट ठेवायचे असते. मध्ये इंग्रजी भाषांतर येत नाही. मात्र या सॉफ्टवेअरला पैसे पडतात.

दुसरी पद्धत खेळाची. ‘ड्युओलिंगो’ २०१२ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या दोन संस्थापकांपैकी लुईस फॉन आन हे ग्वातेमालाचे. स्पॅनिश ही त्यांची मातृभाषा. गरीब देशातल्या माणसाला भाषा शिकण्यासाठी पैसे मोजावे लागू नयेत, हा विचार त्यामागे होता, असे त्यांनी सांगितले आहे. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात आणि वापरावर काही मर्यादा असतात, तरी सुरुवातीला ती पुरते.

तिसरी पद्धत उजळणीची. शिकलेले किती झपाट्याने विसरते याचे प्रयोग एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवर केले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. विसरायच्या बेतात असताना शब्द पुन्हा पाहिला तर तो अधिक काळ टिकतो. २००६ पासून उपलब्ध असलेले ‘अंकी’ हे सॉफ्टवेअर या तत्त्वावर चालते. जमलेला शब्द ते उशिरा विचारते, चुकलेला लवकर विचारते. संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाईलवर ते फुकट आहे. त्यातली पत्ती आपण स्वतः तयार करू शकतो; एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला मराठी.

मराठीचा उपयोग

बहुतेक धडे इंग्रजीतून समजावलेले असतात. येथेच आपली मुले बिचकतात. पण काही ठिकाणी इंग्रजीचा वळसा घेण्याची गरजच नसते.

प्रथम उच्चार पाहा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. लिहिले तसे ते वाचायचे. तिचा ‘त’ आपल्या ‘त’सारखा दातांना जीभ लावून येतो, इंग्रजीतल्या ‘ट’सारखा नाही. टोमॅटोला तेथे ‘तोमाते’ म्हणतात. बाराखडीतला ‘ञ’ आपण पाठ करतो आणि विसरतो, पण स्पॅनिशमध्ये तो रोज लागतो. ‘नीञो’ म्हणजे लहान मुलगा. ‘एच’ या अक्षराचा उच्चार होत नाही, आणि ‘जे’ हे अक्षर घशातून घासत काढलेल्या ‘ख’सारखे म्हणायचे, एवढे लक्षात ठेवावे.

आता वाक्य पाहा. ‘तू’ला स्पॅनिशमध्येही ‘तू’च म्हणतात. मोठ्या किंवा अनोळखी माणसाला मानाने ‘उस्तेद’ म्हणायचे. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही, आपल्याकडे तो रोजचा आहे. आपण ‘मी’ न लावता नुसते ‘बोलतो’ म्हणतो, तसे स्पॅनिश माणूस नुसते ‘आब्लो’ म्हणतो. ‘बोलतोस’ला ‘आब्लास’. मुलगा असो वा मुलगी, ‘आब्लो’च, ‘बोलतो-बोलते’ असा फरक नाही.

‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ असे होते. ‘मला आंबे आवडतात’ म्हणजे ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आंबा एकाचा अनेक झाला की क्रियापद बदलते, अगदी मराठीप्रमाणे. इंग्रजीत येथे ‘मी’ कर्ता असतो, म्हणून इंग्रजी माणसाला ही रचना उलटी वाटते. तसेच ‘मी घर पाहतो’ येथे आपण घराला ‘ला’ लावत नाही, पण ‘मी आईला पाहतो’ असे म्हणतो. स्पॅनिशमध्येही ‘वेओ ला कासा’ म्हणजे घर पाहतो, आणि ‘वेओ आ मी माद्रे’ म्हणजे माझ्या आईला पाहतो. माणसाआधी येणारा तो ‘आ’ म्हणजे जणू आपला ‘ला’च.

अवघड भागही आहे. लिंगे दोनच आहेत, नपुंसकलिंग नाही. त्यामुळे ‘घर’ तेथे स्त्रीलिंगी होते आणि ‘पुस्तक’ पुल्लिंगी. आपल्या एका ‘आहे’साठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. काळांची रूपे पुष्कळ आहेत. ती पाठ केल्याशिवाय गत्यंतर नाही.

ओळखीचे शब्द

पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण. तिच्याकडून मराठीत आलेले शब्द आपल्या घरात रोज वावरतात. ‘पगार’ शब्द तिकडचाच. स्पॅनिशमध्ये ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. दाराची ‘बिजागरी’ म्हणजे ‘बिसाग्रा’, ‘मेज’ म्हणजे ‘मेसा’, बांधकामावरचा ‘मिस्त्री’ म्हणजे ‘माएस्त्रो’, आणि ‘पाव’ म्हणजे ‘पान’.

पालीशीही स्पॅनिशचे दूरचे नाते आहे, कारण दोन्ही एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. पाली ‘सत्त’, ‘नव’, ‘दस’ आणि स्पॅनिश ‘सिएते’, ‘नुएवे’, ‘दिएस’ शेजारी ठेवून पाहा. ‘नाम’ला ‘नोम्ब्रे’, ‘दन्त’ला ‘दिएन्ते’, आणि ‘दान’ला ‘दोन’ म्हणजे देणगी.

घरातला नेम

आपल्या घरातील लहान मूल त्रिशरण-पंचशील अर्थ कळण्याआधी म्हणू लागते. मोठ्यांच्या मागून मोठ्याने म्हणणे, रोज म्हणणे आणि मग अर्थ समजून घेणे, हाच त्यातला क्रम. ज्यांनी शाळा पाहिली नाही अशा आपल्या आजी-आजोबांनी पाली गाथा याच रीतीने मुखोद्गत केल्या. स्पॅनिशचा अभ्यासही असाच करावा.

रोज अर्धा तास ठरवावा. पहिली दहा मिनिटे मागची उजळणी, मग पंधरा मिनिटे नवा धडा, शेवटची पाच मिनिटे वहीसाठी. धड्यातले प्रत्येक वाक्य तोंडाने मोठ्याने म्हणावे. नुसते बोट फिरवून भाषा येत नाही. वहीत तीन रकाने पाडावेत : रोमन लिपीतला शब्द, देवनागरीतला उच्चार आणि मराठी अर्थ. उच्चार कानाने पक्का करावा, लिपीवर सर्वस्वी विसंबू नये. ‘पापा’ या शब्दात शेवटी जोर दिला तर वडील होतात, सुरुवातीला दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा होतो.

घरात मोबाईल एकच असेल तर त्याची वेळ वाटून घ्यावी, आणि मुलीच्या वाट्याची वेळ भांडी-धुण्यात जाऊ देऊ नये. आईवडिलांना स्पॅनिश येत नसले तरी वही हातात घेऊन मराठी अर्थ विचारता येतात, आणि मुलांना उत्तर द्यावे लागते.

हिशेब नीट समजून घ्या

‘तीन महिन्यांत अस्खलित’ असल्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी भाषकांना स्पॅनिश कामापुरती यावी म्हणून सहाशे ते साडेसातशे तास वर्गात शिकवतात. रोज अर्ध्या तासाने सहाशे तास पुरे व्हायला सव्वातीन वर्षे लागतात. सॉफ्टवेअरमधले गुण आणि सलग दिवसांचा आकडा म्हणजे भाषाज्ञान नव्हे. तसेच सॉफ्टवेअर वाक्ये तपासते, पण माणसाशी बोलण्याची धिटाई देत नाही. त्यासाठी जोडीदार हवा. वर्गणी आपोआप कापली जाईल अशा कोणत्याही सोयीला संमती देऊ नये, आणि क्लाससाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

पुढची वाट

गोडी लागलेल्या मुलांना दारे उघडी आहेत. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ येथे बारावीनंतर स्पॅनिशची पदवी घेता येते. आधी स्पॅनिश येण्याची अट नसते. ही केंद्रीय विद्यापीठे असून पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतो आणि तेथे अनुसूचित जातींना आरक्षण आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला मात्र वेळेआधी काढून ठेवावा. पुण्यात विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागात प्रमाणपत्राचे वर्ग चालतात. घरी शिकलेल्यांसाठी स्पेन सरकारची ‘देले’ परीक्षा आहे. तिच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या असून प्रमाणपत्राची मुदत संपत नाही.

वस्तीतल्या तीन-चार मुलामुलींनी मिळून आरंभ केला तर जोडीदाराचा प्रश्नही सुटतो. रविवारी वंदना झाल्यावर विहारातच अर्धा तास बसावे, आठवड्याची वही एकमेकांना वाचून दाखवावी, आणि तेवढा वेळ एकमेकांशी फक्त स्पॅनिशमध्ये बोलावे. विहाराच्या समितीने यासाठी एक सतरंजी आणि एक फळा दिला तरी पुरे.